सांधा सुजला की आधी काय, मग काय: पहिल्या तासापासून औषध लागू पडेपर्यंत

सांधा सुजतो, दुखतो आणि बहुतेक घरांत पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी वेदनाशामक गोळी, मग चोळणं, मग कुणीतरी सुचवलेली रक्ततपासणी आणि दोन-तीन महिने गेले की डॉक्टर. तोवर सूज गोळ्यांनी दबलेली असते, सुरुवात नेमकी कशी झाली ते आठवत नाही आणि हातात 'आरए पॉझिटिव्ह' असा एक कागद असतो, ज्याचा अर्थ कुणीच समजावलेला नसतो. यातली बरीच पावलं योग्य वेळी उचलली तर उपयोगाची आहेत. चुकतो तो क्रम, आणि त्यात जो वेळ जातो त्यात सांध्याचं न भरून येणारं नुकसान होऊ शकतं.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. हे सगळं प्रौढांसाठी आहे. लहान मुलाचा सांधा सुजला असेल किंवा मूल लंगडत असेल तर घरी काही करत न बसता त्याला थेट डॉक्टरांकडे न्या.

## टप्पा १: गोळी घेण्याआधी धोका तपासा

एकच सांधा, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुजलेला, हात लावला तर गरम, जरा हलवला तरी असह्य कळ. असं असेल तर, जंतुसंसर्ग नाही हे डॉक्टर तपासून सांगेपर्यंत तो जंतुसंसर्गच आहे असं धरून चालायचं. सांध्यात पू झाला तर आतली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) काही दिवसांतच कायमची खराब होऊ शकते. इथे 'उद्या बघू' चालत नाही.

पुढीलपैकी एकही गोष्ट असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा:

- सुजलेल्या सांध्यासोबत ताप, हुडहुडी किंवा खूप गळून गेल्यासारखं वाटणं
- पायावर भारच टाकता न येणं
- सांध्याजवळ जखम, नुकतंच त्या सांध्यात घेतलेलं इंजेक्शन किंवा आत बसवलेला कृत्रिम सांधा
- मधुमेह, डायलिसिस, किंवा स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असणं
- पडल्यानंतर किंवा मार लागल्यानंतर सांध्याचा आकार बदललेला दिसणं
- मान किंवा पाठ दुखतानाच हातापायांतलं बळ जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं
- गुडघ्यापेक्षा पोटरीच जास्त सुजलेली, तटतटलेली असणं (शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, सोबत धाप लागत असेल तर एक क्षणही थांबू नका)

इशारा: ताप नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. सांध्यात जंतुसंसर्ग झालेल्या अनेकांना ताप नसतो. वयस्कर माणसांत आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांत तर तो अनेकदा दबलेला राहतो.

इशारा: घरात उरलेली अँटिबायोटिक घेऊ नका. सांध्यातलं पाणी सुईने काढून त्यात जंतू वाढतात का ते पाहणं, हा निदानाचा सर्वात भरवशाचा मार्ग आहे. दोन गोळ्या आधी पोटात गेल्या तर जंतू असूनही तपासणीत सापडेनासे होऊ शकतात आणि डॉक्टर आंधळे होतात.

आधी गाउट (युरिक अॅसिडचे स्फटिक सांध्यात साठून होणारा संधिवात) होऊन गेलेल्यांची इथे एक खास चूक होते. पायाचा अंगठा लाल झाला, सुजला की 'पुन्हा तेच' म्हणून जुनी गोळी काढली जाते. दुखणं नेहमीच्याच जागी, नेहमीच्याच पद्धतीने आलं असेल तर बहुधा ते तेच असतं. पण जागा वेगळी असेल, ताप असेल किंवा दोन-तीन दिवसांत उतार पडत नसेल तर सांध्यातलं पाणी तपासायलाच हवं. गाउट आणि जंतुसंसर्ग एकाच सांध्यात एकाच वेळी असू शकतात.

## टप्पा २: दुखणं सांध्यात आहे की सांध्याभोवती?

'माझा खांदा धरलाय' म्हणणाऱ्या अनेकांचा खांद्याचा सांधा ठणठणीत असतो. दुखत असतो तो स्नायू हाडाला जोडणारा टेंडन, किंवा बर्सा, म्हणजे घर्षण कमी करणारी पातळ पिशवी. यावर पुढचं सगळं अवलंबून असल्याने हा टप्पा टाळू नका.

पद्धत अशी. तो भाग आधी स्वतःच्या ताकदीने हळूहळू सगळ्या दिशांना हलवा. मग तो पूर्ण सैल सोडा आणि त्याच हालचाली दुसऱ्या कुणाकडून अलगद करून घ्या. दोन्ही वेळा जवळपास सगळ्या दिशांना दुखत असेल आणि हालचाल अडत असेल तर त्रास सांध्यात आहे. स्वतः हलवताना एखाद्याच दिशेला दुखतं, पण दुसऱ्याने हलवलं की सांधा बराचसा विनासायास फिरतो, असं असेल तर त्रास बाहेरच्या मऊ भागात आहे.

तपासून पाहा: सैल सोडणं वाटतं तितकं सोपं नसतं. समोरच्याच्या तळव्यावर तुमच्या हाताचं पूर्ण वजन पडलं पाहिजे. त्याने आधार थोडा खाली घेतला आणि तुमचा हात हवेत तसाच राहिला, तर तुम्ही तो सोडलेलाच नव्हता. पुन्हा करा.

मऊ भागाची नेहमीची दुखणी ओळखायला फार कठीण नाहीत. हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांमध्येच कळ येते आणि त्याच्या वर गेल्यावर कमी होते: खांद्याचा टेंडन. अंगठ्याच्या बाजूला मनगटाशी दुखतं, अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवलं की कळ जाते: अंगठ्याच्या टेंडनचं आवरण सुजलेलं. कोपराच्या टोकावर फुगा आलाय, पण कोपर पूर्ण वाकतं आणि सरळही होतं: बर्सा. सकाळचं पहिलं पाऊल टाकताना टाचेखाली सुरी खुपसल्यासारखं होतं आणि थोडं चाललं की कमी होतं: तळपायाचा पट्टा.

फ्रोझन शोल्डर मात्र या नियमाला फसवतो. तिथे सांध्याचं आवरणच आकसलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्याने हलवलं तरी हात अडतो. कोपर कमरेला टेकवून हात बाहेरच्या बाजूला वळवून पाहा. ही हालचाल सर्वात आधी आणि सर्वात जास्त जाते. मधुमेह असलेल्यांत हे जास्त दिसतं.

मऊ भागाचंच दुखणं असेल तर ते ज्या हालचालीने उमटतं ती काही आठवडे कमी करायची, पूर्ण बंद करायची नाही, आणि फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यायचे. दुखतो त्या टेंडनमध्ये पुन्हा पुन्हा स्टेरॉइडचं इंजेक्शन मागू नका. टेंडन कमकुवत होऊन तुटू शकतो. बर्सावरची कातडी लाल आणि गरम झाली असेल तर तिथेही जंतुसंसर्ग असू शकतो, म्हणजे टप्पा १ लागू.

इशारा: टाचेचा किंवा टेंडन हाडाला चिकटतो त्या जागेचा त्रास तरुण वयात पुन्हा पुन्हा, दोन्ही बाजूंना होत असेल आणि जोडीला सकाळची पाठदुखी असेल, तर तो नुसता ताण नसावा. पुढचा टप्पा करा.

## टप्पा ३: सात सकाळींची नोंद

सगळ्यात जास्त माहिती या टप्प्यातून मिळते आणि नेमका हाच गाळला जातो. झिजेचा त्रास वापराने वाढतो आणि विश्रांतीने कमी होतो. सकाळचा आखडलेपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत जातो. दाहाचा, म्हणजे सांधा आतून सुजवणारा, त्रास उलटा वागतो. तो विश्रांतीने वाढतो, हालचालीने कमी होतो आणि सकाळी सांधे मोकळे व्हायला अर्धा तास, तासभर किंवा त्याहूनही जास्त लागतो. कोणत्याही रक्ततपासणीआधी हा फरक डॉक्टरांना दिशा देतो.

'सकाळी दुखतं' एवढं सांगून उपयोग नाही, कारण ते सगळेच सांगतात. हवी असतात ती मिनिटं. घड्याळ डोळे उघडल्यापासून लावा आणि सांधे त्या दिवसापुरते जितके मोकळे व्हायचे तितके होईपर्यंत चालू ठेवा. नोंद अशी दिसावी:

*मंगळवार. जाग ६:१०. दोन्ही हातांची मूठ वळत नाही. शर्टाची बटणं ७:२० ला लावता आली. ७:५० ला हात मोकळे. बराच वेळ बसून उठल्यावर गुडघे पाच मिनिटं आखडले. उजव्या तर्जनीचं आणि मधल्या बोटाचं मूळ सुजलेलं. गोळी घेतली नाही.*

शेवटचं वाक्य विसरू नका. वेदनाशामक घेतलेला दिवस आणि न घेतलेला दिवस यांची तुलना होत नाही. स्वतःशी अंदाज बांधण्यापेक्षा बटण, नळ, चप्पल, कंगवा अशा रोजच्या एखाद्या वस्तूवर वेळ मोजा.

सोबत रोज सकाळी दोन गोष्टी पाहा. मूठ वळून समोर धरा. बोटांच्या मुळाशी चार उंचवटे आणि त्यांच्यामध्ये तीन खळगे दिसायला हवेत. सूज असली की खळगे भरून येतात. मग दुसऱ्या हाताने ही चारही मुळं आडवी, हस्तांदोलन करताना दाबतो तितक्याच जोराने दाबा. एवढ्यानेही कळ येत असेल तर तसं लिहा. पायाच्या चवड्यालाही हेच करून पाहा. सूज टणक आहे की स्पंजासारखी दबते, तेही लिहा: बोटांच्या टोकाजवळच्या सांध्यांवरची टणक गाठ बहुतेकदा झिजेची असते, तर दबणारी सूज दाहाची. सूज दिसेल त्या दिवशी उजेडात फोटो काढून ठेवा. डॉक्टरांच्या भेटीदिवशी ती उतरलेली असू शकते.

आठवड्यात एकदा सांध्यांव्यतिरिक्त इतर गोष्टींची नोंद करा, कारण लोक त्या सांध्याशी जोडतच नाहीत:

- डोक्यात, कानामागे, बेंबीत खपली धरणारे चट्टे. नखांवर बारीक खड्डे (सोरायसिसचा संधिवात)
- एखादं बोट पूर्णच्या पूर्ण फुगलेलं
- डोळा लाल होऊन दुखणं, उजेड सहन न होणं (हे असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी)
- गेल्या महिन्याभरात जुलाब किंवा लघवीचा जंतुसंसर्ग
- अंगावर पुरळ येऊन गेलेला ताप. चिकुनगुन्यासारख्या विषाणूंनंतर सांधे आठवडे किंवा महिने सुजू शकतात
- तोंडात व्रण, उन्हाने चेहऱ्यावर चट्टा, केस गळणं
- ४५ वर्षांच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जास्त टिकलेली, पहाटेकडे झोपमोड करणारी आणि हिंडल्या-फिरल्यावर कमी होणारी पाठदुखी

इशारा: सात दिवसांची नोंद हे वाट पाहायला निमित्त नव्हे. डॉक्टरांची वेळ पहिल्याच दिवशी घ्या आणि मधल्या दिवसांत नोंद करा.

## टप्पा ४: भेटीपर्यंत सांभाळायचं कसं

गरम, सुजलेल्या सांध्यावर थंड शेक द्यायचा: कापडात गुंडाळलेला बर्फ, १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. गरम शेक आखडलेल्या पण गरम नसलेल्या सांध्यासाठी आहे. सुजलेला सांधा चोळायचा नाही.

गुडघा सुजला की त्याखाली उशी घेऊन झोपायची सवय फार घातक आहे. बरं वाटतं हे खरं. पण वाकलेल्या स्थितीत दिवसेंदिवस राहिलेला गुडघा पुढे पूर्ण सरळ होईनासा होतो. आधार द्यायचाच तर टाचेखाली द्या आणि दिवसातून काही वेळा गुडघा पूर्ण सरळ करा.

दाह कमी करणारी वेदनाशामकं (आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक या जातीची) एका वेळी एकच घ्यायची, जेवणानंतर, थोडे दिवस. नावं वेगळी असली तरी दोन गोळ्या एकाच जातीच्या असू शकतात. पाकिटावरचं औषधाचं मूळ नाव वाचा. मूत्रपिंडाचा विकार, पोटातला व्रण, हृदयविकार किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल, किंवा गरोदर असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही घेऊ नका. त्यांच्यासाठी पॅरासिटामॉल बहुधा जास्त सुरक्षित असतं. तरी २४ तासांत ४ ग्रॅमची कमाल मर्यादा ओलांडायची नाही, आणि यकृताचा त्रास असलेल्यांना किंवा वजन कमी असलेल्यांना ती मर्यादा याहून खाली असते.

इशारा: निदान होण्याआधी स्वतःहून स्टेरॉइड घेऊ नका. एका दिवसात चमत्कार वाटावा असा आराम पडतो, आणि त्यामागे जंतुसंसर्गही लपतो. घटक न लिहिलेल्या, 'संधिवातावर रामबाण' म्हणून मिळणाऱ्या पुड्या आणि गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलेलं आहे. अशी पुडी काही आठवडे घेतली असेल तर ती अचानक थांबवू नका. ती सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा.

## टप्पा ५: कुणाकडे, केव्हा, आणि कोणत्या तपासण्या

एकाहून जास्त सांधे सुजलेत, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडतात, बोटांची मुळं दाबली की दुखतात: अशा माणसाने सुरुवात झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत संधिवाततज्ज्ञांपर्यंत पोहोचायला हवं. औषध तीन महिन्यांच्या आत सुरू झालं तर हाडं कुरतडली जाण्याआधी आजार आटोक्यात आणण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. ही संधी पुन्हा येत नाही.

तपासण्या स्वतः ठरवून पॅकेज घेऊ नका. तपासण्या निदानाला पुष्टी देतात; निदान करतं ते तुमचं वर्णन आणि डॉक्टरांचा हात. कागद वाचताना एवढं लक्षात ठेवा. आरए फॅक्टर, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठीची (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो आजार) रक्ततपासणी, निरोगी वयस्कर माणसांत आणि हिपॅटायटिस सी असलेल्यांतही पॉझिटिव्ह येतो आणि खरा आजार असलेल्या काहींत निगेटिव्ह. अँटी-सीसीपी ही त्याच आजाराची रक्ततपासणी त्याहून नेमकी आहे. ईएसआर (शरीरातल्या दाहाचा अंदाज देणारी तपासणी) वयाने आणि रक्तक्षयानेही वाढतो. एचएलए-बी२७ (पाठीच्या कण्याच्या संधिवाताशी जोडलेली जनुकीय खूण) पॉझिटिव्ह असलेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यात कधीच काही होत नाही. युरिक अॅसिड वाढलेलं असूनही गाउट नसतो आणि गाउटच्या ऐन झटक्यात ते नॉर्मल येऊ शकतं, म्हणून झटका ओसरल्यावर दोन आठवड्यांनी ते पुन्हा तपासतात. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ असणं साहजिक आहे.

एका सांध्यात पाणी भरलं असेल आणि डॉक्टर ते सुईने काढू म्हणाले, तर घाबरून नकार देऊ नका. त्या काही मिलीलीटरमध्ये स्फटिक, जंतू आणि पेशी तिन्ही दिसतात. पांढऱ्या पेशी मायक्रोलीटरला २,००० च्या आत असतील तर दाह नसावा. ५०,००० च्या पुढे असतील तर जंतुसंसर्गाचा संशय बळावतो.

## टप्पा ६: औषध सुरू होतं तो दिवस

ऱ्हुमॅटॉइड संधिवातात बहुधा मेथोट्रेक्सेटने सुरुवात होते. या औषधाबाबतची एक चूक जिवावर बेतते.

इशारा: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवा, तो पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा आणि घरातल्या आणखी एका माणसाला सांगा. २.५ आणि १० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिसायला सारख्या असू शकतात. पाकीट नवं आणलं की आकडा वाचा. एखादा डोस हुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही.

क्रम असा ठेवा:

1. सुरू करण्याआधी रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड आणि हिपॅटायटिस बी व सीची तपासणी झाली आहे ना, ते विचारा.
2. सोबत फॉलिक अॅसिड लिहून दिलंय का पाहा. ते सहसा वेगळ्या दिवशी घेतात.
3. पुढच्या रक्ततपासण्यांच्या तारखा तिथेच लिहून घ्या: सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी, नंतर दोन-तीन महिन्यांनी.
4. तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला आणि धाप, अंगावर विनाकारण काळे-निळे डाग, यांपैकी काही दिसलं तर पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी कळवा.
5. इतर कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आधी सांगा. को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक त्यासोबत घेतल्यास रक्तपेशी धोकादायकरीत्या कमी होऊ शकतात.

याचा परिणाम दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात 'फरक नाही' म्हणून ते सोडणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचंच सर्वात जास्त नुकसान होतं. मधल्या काळासाठी डॉक्टर कमी डोसात स्टेरॉइड देतात. ते तात्पुरतं असतं आणि पायरीपायरीने उतरवायचं असतं. तीन आठवड्यांहून जास्त घेतलेलं स्टेरॉइड एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

गाउटमध्ये गोंधळ वेगळा होतो. अॅलोप्युरिनॉल झटक्याची कळ थांबवत नाही, युरिक अॅसिड कमी करतं. ते सहसा १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी डोसाने सुरू करून, युरिक अॅसिड ६ मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली येईपर्यंत वाढवत नेतात. पहिल्या काही महिन्यांत झटके येऊ शकतात, कारण साठलेले स्फटिक विरघळू लागतात. म्हणूनच तीन ते सहा महिने जोडीला कमी डोसात कोल्चिसिन किंवा दुसरं औषध देतात. झटका आला म्हणून चालू अॅलोप्युरिनॉल थांबवू नका. अंगावर पुरळ आलं तर मात्र ताबडतोब थांबवा आणि डॉक्टरांना गाठा.

## टप्पा ७: हालचाल परत आणणं

सूज असताना सांधा न हलवता स्नायू आवळण्याचे व्यायाम करता येतात. पाय सरळ ठेवून गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबा, पाच ते दहा सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा. सोबत प्रत्येक सांधा दिवसातून एकदा तरी त्याला जमेल तिथपर्यंत अलगद न्या. सूज उतरली की चालणं, सायकल, पोहणं, मग वजन.

तपासून पाहा: व्यायामानंतर दोन तास उलटूनही दुखणं आधीपेक्षा जास्तच असेल, तर दुसऱ्या दिवशी प्रमाण कमी करा. व्यायाम बंद करू नका.

धूम्रपान करत असाल तर ते सोडणं उपचाराचाच भाग समजा. त्याने ऱ्हुमॅटॉइड संधिवात होण्याचा धोका वाढतो आणि औषधंही कमी लागू पडतात.

## टप्पा ८: बरं वाटू लागल्यावर

आजार जोरात असताना एक ते तीन महिन्यांनी तपासणी हवी. तीन महिन्यांत ठळक सुधारणा नसेल किंवा सहा महिन्यांत सूज जवळपास गेलेली नसेल, तर 'औषध बदलायचं का, वाढवायचं का?' हे तुम्हीच विचारा. निम्म्या सुजेत वर्षानुवर्षं काढणं हे स्थिर असणं नव्हे.

बरं वाटतंय म्हणून औषध स्वतः बंद करू नका. कमी करता येतं, पण सूज बराच काळ शांत राहिल्यावर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आजार उसळला तर टप्पा ३ मधली नोंद पुन्हा सुरू करा. बाकी सांधे शांत असताना एकच सांधा एकाएकी भडकला तर त्याला आजाराची उसळी समजू नका. जंतुसंसर्ग आधी तपासून घ्या.

मूल हवं असेल तर ठरवण्याआधीच डॉक्टरांशी बोला. मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड गर्भाला घातक आहेत आणि बाईने ती गर्भधारणेच्या बरीच आधी थांबवावी लागतात. त्याऐवजी चालणारी औषधं उपलब्ध आहेत. फ्लू आणि न्यूमोकॉकलच्या (न्यूमोनिया करणाऱ्या जंतूविरुद्धच्या) लशी घेऊन ठेवा. जिवंत विषाणूंच्या लशी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना सहसा देत नाहीत, त्यामुळे कोणतीही लस टोचण्याआधी चालू औषधांची यादी दाखवा. बायोलॉजिक औषध (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग रोखणारं इंजेक्शन) सुचवलं गेलं तर क्षयरोग आणि हिपॅटायटिस बीची तपासणी पहिल्या इंजेक्शनच्या आधी होते. तिचा अहवाल हातात आल्याशिवाय इंजेक्शन घेऊ नका.